बाजाराच्या आदल्या दिवसाचं नाव

परवा नातवानं माझ्यासमोर बसून, चहा पिता पिता, पुण्यातल्या बहिणीला पैसे पाठवले. बोट एकदा वर, एकदा खाली. झालं.

मी विचारलं, "फारम कुठाय?"

"कशाचा फॉर्म, आजी?"

"अरे, पण नाव कुणाचं लिहिलंस?"

"नाव कशाला लागतंय? नंबर असतो."

त्या काळी माणसांना नंबर असते, तर माझी एवढी फजिती झाली नसती. पण मग माझी नणंद आज सात परस पाण्याच्या एका विहिरीची मालकीण असती, आणि बाकी काहीच नसती. नातवाला हे सगळं सांगत बसले असते तर त्याचा चहा गार झाला असता. म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा मी विशीच्या आतबाहेर होते आणि फार शहाणी होते. एवढी शहाणी मी पुन्हा कधीच झाले नाही. माहेरच्या भावकीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. लग्नानंतर आम्ही नांदेडला वजिराबादेच्या मागं एका खोलीत राहायचो, आणि शेजारणींनी भाजीचा भाव विचारला तरी मी आधी मॅट्रिकचं सांगून मग भाव सांगायची. आमचे मालक कालव्याच्या कामावर मुकादम. पंधरा-पंधरा दिवस ते तिकडंच. सासर अहमदपूर तालुक्यात, फाट्यापासून कोसभर आत. लातूर जिल्हा होऊन दोन पावसाळे झाले होते. म्हणजे पंचांगात झाले होते, आभाळात एकही झाला नव्हता. गावात पिण्याचं पाणी टँकरनं येई, आणि जिल्हा नवा झाला म्हणजे नेमकं काय झालं हे अजून कुणालाच कळलं नव्हतं. काहीतरी मिळणार आहे, एवढंच सगळ्यांना वाटत होतं.

गावी सासूबाई, एक म्हैस आणि दहावीतली नणंद. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच वारले होते.

तर त्या हिवाळ्यात नणंदेचं पत्र आलं. ती अहमदपूरच्या शाळेत जायची. अक्षर मोत्यासारखं, भाषा मात्र घरची. तिनं लिहिलं होतं:

"वैनी, शाळेत परीक्षेची फी मागून राहिलेत. महिन्याची अखेर ही शेवटची तारीख. आई म्हणती फी-बी काय भरायची न्हाई, स्थळ आलंय. मुलाच्या विहिरीला सात परस पाणी हाय म्हणं. फी भरली तर परीक्षा होईस्तोर लगीन थांबंल. न्हाई भरली तर फेब्रुवारीतच उरकून टाकतील. दादाला सांग. आन् मनिऑर्डर माझ्या नावानं कर. आईच्या नावानं केलीस तर म्हैस खाईल."

म्हैस खाईल, म्हणजे त्या पैशाचा कडबा येईल. सासूबाईंचंही चूक नव्हतं. त्या वर्षी मुलगा काय करतो, कसा दिसतो, वय किती, हे कुणी विचारतच नव्हतं. विहीर बघायची. बायामाणसं दोर आणि दगड घेऊन स्थळ बघायला जायची. दगड सोडायचा, दोर किती परस, म्हणजे किती पुरुष उंच, ओला झाला ते मोजायचं, आणि परत येऊन सांगायचं, "पोरगा चांगला हाय."

मालकांनी पत्र वाचलं, पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि कालव्यावर निघाले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "फारम तू भरशील, का कुणाला सांगू?"

हे मला इतकं झोंबलं, की मी म्हणाले, "मी काय अंगठेबहाद्दर हाय व्हय?"

हे वाक्य माझं मलाच किती महागात पडणार होतं, ते तुम्हाला कळेलच.

पोस्टातून फॉर्म आणला. मनिऑर्डरचा फॉर्म ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: वर पैसे घेणाऱ्याचं नाव-पत्ता, खाली पाठवणाराचं नाव-पत्ता, एक भाग सही होऊन आपल्याकडं परत येतो, त्याला पोच म्हणायचं, आणि एक चिठोरी फाडून पैसे घेणाऱ्याला देतात, तिच्यावर चार ओळी मजकूर लिहायला जागा असते. मी चुलीशेजारी पाट टाकला आणि सगळ्यात आधी मजकूरच लिहायला घेतला. कारण तोच तेवढा सोपा वाटला.

आता "प्रिय नणंदबाईस, फी भर" एवढं लिहिलं असतं तर चाललं असतं. पण मॅट्रिक कुठं दाखवायची? शाळेत मला अर्जलेखनात पैकीच्या पैकी गुण. एका हातानं वरणात हळद टाकत, दुसऱ्या हातानं मी लिहिलं, "विषय: परीक्षेची फी." त्याखाली: "आपणांस कळविण्यात येते की, सोबतच्या रकमेतून परीक्षेची फी विनाविलंब भरावी. लग्नाची घाई करू नये. घरात वाच्यता करू नये." शेवटी "आपली आज्ञाधारक" लिहायचं, तर ती माझ्याहून लहान. मी कशी तिची आज्ञाधारक? तहसील कचेरीबाहेरच्या नोटिशीवर वाचलेलं आठवलं आणि मी झोकात लिहिलं, "आज्ञेवरून." वर जागा उरली होती तिथं ठसठशीत "जिल्हा लातूर" लिहून त्याखाली तीन रेघा ओढल्या. लोक अजून उस्मानाबाद लिहायचे. मी नाही लिहिणार. मी शिकलेली.

मग नावांकडं वळले, आणि तिथं शहाणपण संपलं.

आमच्याकडं सुनेनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं घ्यायचं नाही, थोरल्या दिराचं घ्यायचं नाही. आणि बाईचं पूर्ण नाव असतं कसं? आधी तिचं, मग बापाचं नाहीतर नवऱ्याचं, मग आडनाव. म्हणजे नणंदेचं नाव लिहायचं तर मध्ये सासरे आडवे. माझं लिहायचं तर मध्ये मालक. सासऱ्यांना तर मी पाहिलंही नव्हतं. पण न पाहिलेल्या माणसाचं नाव न घेण्यात मी इतकी पक्की होते, की विचारू नका. त्यात आणखी एक. आमच्या सासरच्या गावात पोरगा ज्या वारी जन्मला त्या वाराचं नाव त्याला ठेवायची रीत. गावात पुरुष कितीही असोत, नावं सातच. मालक आजोळी जन्मले म्हणून त्यातून सुटले; पण सासऱ्यांचं नाव ज्या वारावरून, तो वारही मी तोंडातून काढत नसे. त्याला मी "बाजाराच्या आदल्या दिवशी" म्हणे. लग्न झाल्यापासून माझा आठवडा सहा वारांचा आणि एका पाहुण्याचा होता.

बोलायचं नाही हे ठीक. लिहायचं की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी जास्तीच्या शहाण्या सुनेसारखं ठरवलं, लिहायचंही नाही.

मालकांच्या नावावर तोड होती. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. मग लिहिलेलंही चालणार! मी पाठवणाराच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं:

"टँकर आला दारी, घागर लावली नळीला,
…रावांचं नाव लिहिते पाठवणाराच्या ओळीला."

पहिली ओळ रकान्यात मावली. दुसरी पत्त्याच्या रकान्यातून वळून पोस्टाच्या शिक्क्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत जाऊन संपली. सासऱ्यांसाठी मात्र उखाणा नसतो. सासऱ्यावर उखाणा कोण रचेल? तिथं मी नणंदेचं नाव लिहिलं, मध्ये बोटभर जागा कोरी ठेवली आणि आडनाव टाकलं. वाटलं, पोस्टातला माणूस समजून घेईल.

पोस्टातल्या बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फॉर्म डोळ्यांशी धरला. आधी ओठांत वाचला. मग मोठ्यानं वाचला. माझ्यामागं रांगेत दहा-बारा माणसं होती, ती पुढं सरकली.

"बाई," ते म्हणाले, "नोकरीला लागल्यापासून मनिऑर्डरी घेऊन राहिलो. घागर पहिल्यांदा बघितली."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "चांगला हाय की उखाणा. पुन्यांदा वाचा."

बाबूंनी पुन्हा वाचला. मग लाल शाईनं टँकर खोडला, घागर खोडली, नळी खोडली आणि मालकांचं नाव तेवढं ठेवलं. "आता हे वरचं. घेणारीच्या बापाचं नाव काय?"

मी पदर पुढं ओढला.

"बाई, जल्दी करा. बापाचं नाव?"

"माझे सासरे."

"ते कळलं. नाव?"

"तेच तर."

मागून एकजण ओरडला, "अरे, सासऱ्याचं नाव कसं घेईल ती? तुम्हीच वळखा!"

आणि मग नांदेडच्या त्या पोस्टात, भर दुपारी, माझ्या सासऱ्यांचं नाव ओळखायचा खेळ सुरू झाला. कुणी देवांची नावं घेतली, कुणी पहिलवानांची. मी मान हलवत राहिले. तार करायला आलेला एक शेठ तार विसरून संतांची नावं घ्यायला लागला. ती मघाची म्हातारी म्हणाली, "माय, खूण तरी सांग काहीतरी!"

मी जमिनीकडं बघून म्हणाले, "वारावरून हाय."

"कोणत्या वारावरून?"

"बाजाराच्या आदल्या दिवशी असतो तो."

"असं सांगा की!" बाबू खूश झाले. त्यांनी पेन उचललं, कोऱ्या जागेत नाव लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडं फिरवला. "बघा, बरोबर हाय ना?"

आता मी मॅट्रिक. मला वाचता येत होतं. पण सासऱ्यांचं नाव उघड उघड वाचायचं, तेही एवढ्या पुरुषांच्या देखत? मी मान भिंतीकडं वळवली आणि म्हणाले, "बरोबर."

शिक्का बसला. रांगेनं सुटकेचा श्वास टाकला. मी पावती घेऊन घरी आले आणि त्या दिवशी तीन शेजारणींना सांगितलं की मनिऑर्डर करणं काही अवघड नाही, फक्त शिक्षण पाहिजे.

नांदेडचा बाजार आणि आमच्या गावचा बाजार एका वारी भरत नाही, हे माझ्या ध्यानात आलं आठ दिवसांनी. तेही आपोआप आलं नाही. पोच आली म्हणून आलं.

पोस्टमननं पोच हातात दिली. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा होता. जांभळा, पसरट, ऐसपैस अंगठा. शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या.

माझी नणंद सही इंग्रजीत करायची आणि सहीखाली दोन टिंबं द्यायची. टिंबं कशासाठी, तर मोठी माणसं देतात म्हणून. ती अंगठा उठवेल? मी दारातच बसले. आधी वाटलं, हात मोडला. मग वाटलं, हळद लागली असेल, बोटं पिवळी, धरून अंगठा घेतला असेल. घरमालकीण म्हणाली, "लगीन झालं की शिकलेल्या पोरी बी अंगठ्यावर येत्यात." हे तिनं धीर द्यायला म्हटलं. मग मी पोचेवरचं घेणारीचं नाव पहिल्यांदा डोळे उघडून वाचलं. मधला वार चुकीचा होता. तारखेला एकच दिवस उरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत बसले. लोहा गेलं, माळाकोळी गेलं. दोन्ही बाजूंना उघडी रानं, आणि माझ्या डोक्यात एकच: आमच्या गावात त्या चुकीच्या वाराचा कोण? बाबूंनी लिहिलेल्या नावाचा पुरुष गावात कोण, आणि त्याच्या घरात माझ्या नणंदेच्या नावाची बाई कोण? फाट्यावर उतरेपर्यंत उत्तर सापडलं.

मोठी माय.

भावकीतली आमची चुलत आजेसासू. सत्तरीच्या पुढची, नवरा कधीच गेलेला, एकटीच राहायची. गाव तिला मोठी माय म्हणायचं. माझ्या नणंदेचं नाव तिच्यावरूनच ठेवलेलं होतं. त्यामुळं सासूबाईंना लेकीला नावानं हाक मारता येत नसे. थोरल्या बाईचं नाव कसं घ्यायचं? जन्मापासून त्या तिला "ए पोरी" म्हणत. पहिलं नाव तेच, आडनाव सगळ्या गावाचं तेच, आणि मोठ्या मायच्या नवऱ्याचा वार नांदेडच्या बाजाराच्या बरोबर आदला. नावाप्रमाणं पैसे द्यायचे, मजकूर काय आहे ते बघणं आपलं काम नाही, म्हणून गावच्या पोस्टमननं बरोबर नावाच्या बाईला बरोबर पैसे दिले होते. वर मजकूर वाचूनही दाखवला होता.

गावात शिरले तर पारावर माणसं रेशनकार्डं घेऊन बसलेली.

"नांदेडहून आलीस व्हय?" एकानं विचारलं. "तिकडं बी जिल्हा पैसे देऊन राहिला का?"

"कसले पैसे?"

"मोठ्या मायला आले की. लातूर जिल्ह्यानं धाडले. आता बाकीच्यांचे यायचे हायत."

घरी सासूबाई म्हशीला पाणी दाखवत होत्या. दाखवतच होत्या; घागरभर पाणी, म्हशीनं जास्त पिऊ नये म्हणून घागर हातात धरून. मला बघून त्यांनी कपाळाला आठी घातली. "काऊन आलीस? पोस्टानं कळवायचं की."

मी पोस्टाचं नावही काढलं नाही. म्हणाले, "सहजच."

"सहज एवढं भाडं घालून? बरं झालं आलीस. परवा विहिरीवाले येणार हायत." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "मोठ्या मायला फर्मान आलंय, ऐकलंस का? परीक्षा द्यायची, आन् लग्नाची घाई करायची न्हाई."

"मोठ्या मायनं?"

"सरकारला कुणाचं वय काय ठावं."

नणंदेनं मला ओढत गोठ्यामागं नेलं. तिचे डोळे सुजलेले. "वैनी, पैसे कुठं हायत? आज शेवटची तारीख हाय. हेडमास्तर म्हणले, पाच वाजता यादी बंद."

मी तिला सगळं सांगितलं. उखाणा, रांग, बाजार. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "वैनी, तू मॅट्रिकला किती टक्क्यांनी पास झालीस गं?"

आम्ही मोठ्या मायच्या घराकडं धावलो. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "ती सकाळच्या गाडीनं अहमदपूरला गेली. परीक्षा द्यायला."

एसटी आता तिसऱ्या प्रहरी. विहिरीपाशी टँकर रिकामा होऊन परत निघाला होता. ड्रायव्हर आधी नाही म्हणाला, बायामाणसांना बसवायची मनाई आहे म्हणाला. नणंद म्हणाली, "दादा, जिल्ह्याचं काम हाय." त्यानं दार उघडलं. रिकाम्या टाकीत उरलेलं पाणी रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला डुचमळत होतं आणि त्या आवाजावर माझा उखाणा माझ्याच कानात वाजत होता. टँकर आला दारी.

शाळेत पोचलो तर हेडमास्तरांच्या खोलीत, त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर, मोठी माय पाय वर घेऊन बसलेली. मांडीवर चंची. हेडमास्तर घामाघूम.

"आजी, परीक्षा अशी देता येत नाही."

"काऊन? फी आणली की."

"आधी दहावी शिकावी लागते."

"आता सरकारनं सत्तर वर्सं शिकवलं न्हाई, ती माझी चूक हाय का?"

मी आत जाऊन पाया पडले आणि हिंमत गोळा करून म्हणाले, "मोठी माय, ते पैसे मीच…"

"तू गप!" ती म्हणाली. "जिल्ह्याच्या कामात मधी बोलू नगं. सूनबाई माणसानं कचेरीत तोंड उघडू न्हाई."

पोस्टात जे तोंड उघडायला पाहिजे होतं ते उघडलं नाही. आता उघडलं तर कुणी ऐकेना. नणंदेनं मात्र बापाचं नाव खाडकन घेतलं, आपलं घेतलं, आडनाव घेतलं आणि सांगितलं की चिठोरी तिच्यासाठी आहे. हेडमास्तरांनी चिठोरी मागितली. मोठ्या मायनं ती चंचीतून काढली, सुपारी झटकली आणि दिली. त्यांनी वाचली. "विषय: परीक्षेची फी" वाचताना त्यांच्या मिशा हलल्या. "आज्ञेवरून" वाचून त्यांनी माझ्याकडं बघितलं. शिक्षकच ते. कुठल्या विद्यार्थिनीचा अर्ज आहे हे त्यांना कळलं असावं.

"आजी," ते म्हणाले, "आदेशात असं आहे, की फी भरावी. परीक्षेला तुम्हीच बसावं असं लिहिलेलं नाही."

मोठी माय विचारात पडली. "पेपर कशाकशाचा असतो?"

"मराठी, हिंदी, इंग्रजी, बीजगणित, भूमिती…"

"भूमिती म्हंजी?"

"जमिनीची मोजणी समजा."

"ते तलाठ्याचं काम हाय. मी कशाला करू?" तिनं नणंदेकडं बघितलं. वरून खाली, मग खालून वर. "ह्या पोरीला माझंच नाव ठिवलंय. ही बसंल माझ्या जागी. पर मास्तर, पास झाली तर पास मी. नापास झाली तर ती."

हेडमास्तर म्हणाले, "मंजूर."

चंचीचा बंद सुटला. फी भरली. पावती फाडली. पावतीवर मधलं नाव नणंदेच्या बापाचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, अगदी बरोबर लिहिलेलं. पण पावती मोठ्या मायनं घेतली आणि चंचीत ठेवली. पाचाला वीस मिनिटं होती.

संध्याकाळी गावात परतलो. मोठी माय थेट आमच्या ओसरीवर आली आणि उभ्या उभ्याच सासूबाईंना म्हणाली, "ह्या पोरीचं लगीन परीक्षेच्या आधी करायचं न्हाई. ती माझ्या जागी बसली हाय. फर्मानात लिवलंय." आणि चिठोरी पुढं केली.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी चिठोरी उजेडाला धरली, उलटी केली, सुलटी केली. नाकाजवळ नेली. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. घरात वाच्यता करू नये, हे मीच लिहिलं होतं आणि आता ते एकटी मीच पाळत होते. सांगून टाकलं असतं तर फर्मान गेलं असतं, आणि फर्मान गेलं असतं तर परवा विहिरीवाले होतेच.

"ठीक हाय," सासूबाई म्हणाल्या. "जिल्ह्याच्या पुढं कोण जाईल?"

परवा विहिरीवाले आले. चहा पिऊन गेले. सासूबाईंनी त्यांना हात जोडून सांगितलं, "जिल्ह्याची मनाई हाय." तेही बिचारे नव्या जिल्ह्यातलेच, उठले आणि गेले.

परीक्षेच्या दिवसांत मोठी माय रोज नणंदेबरोबर अहमदपूरला जायची आणि शाळेबाहेर लिंबाखाली बसायची. पेपर सुटला की विचारायची, "काय काय लिवलंस माझ्याकडून?" निकाल लागला तेव्हा तिनं सगळ्या गावात गूळ वाटला आणि सांगितलं, "पास झाले. दुसऱ्या वर्गात." नणंद पुढं शिकली, नर्स झाली, आणि तिनं आपल्या मनासारखं लग्न केलं. मोठी माय गेली तेव्हा तिच्या चंचीत ती पावती होती.

आणि मी? मी कैक वर्षं समजत राहिले, की त्या दिवशी ओसरीवर मी सासूबाईंना फसवलं. शिकलेली सून, अडाणी सासू. मनातल्या मनात मी त्याचा फार अभिमान बाळगला.

सासूबाई शेवटी-शेवटी माझ्याकडं नांदेडला होत्या. एक दिवस मी वरणाला फोडणी देत होते आणि त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. काही विषय नसताना म्हणाल्या, "सूनबाई, एक विचारू का?"

"विचारा की."

"त्या लातूरच्या साहेबाच्या हाताला हळद कशी गं लागली व्हती?"

फोडणी करपली.